रुग्ण हलला

आठवड्याचे पाच दिवस मी लोकांना सांगते:
हलू नका. श्वास रोखा.
आता सोडा.
काचेपलीकडे उजळतात मनगटाची आठ हाडं,
नदीतल्या गोट्यांसारखी,
कुणाची म्हणून नाहीतच.

शनिवारी प्रेस्टनच्या बस स्टेशनात
मी कुणाला काही सांगत नाही.
खिशात छोटा कॅमेरा, पाठ लाकडी कठड्याला,
कागदी कपात चहा,
त्याला चहा म्हणायचं ते निव्वळ सौजन्य.

इथे हात कुणाचं ऐकत नाहीत.
एक बाई अंगठा जिभेला लावून
नवऱ्याच्या कॉलरवरचा पेस्ट्रीचा कण पुसते,
तो कासवासारखी मान आत घेतो,
गेलं.
मी कॅमेरा काढेपर्यंत दोघंही सभ्य झालेली.
शाळकरी पोरगा वेफर्सच्या पुड्यातलं शेवटचं मीठ
तळहातावर ओततो,
इकडे बघतो, तिकडे बघतो, चाटतो.
तेही गेलं.
हातावर तुरी देणं म्हणजे काय
ते या फरशीवर उभं राहून कळतं.

सगळ्यात मला आवडतो
सुटलेल्या बसला केलेला हात.
माणूस धावत येतो, पिशवी मांडीवर आपटत,
बस वळलेली असते, हात वर गेलेला असतो.
आता त्याचं करायचं काय?
कुणी तो केसांतून फिरवतं, जणू त्यासाठीच उचलला होता.
कुणी वेळ बघतं, घड्याळ नसलेल्या मनगटावर.
परवा एक आजी त्याच हाताने
बसला टाटा करत राहिल्या,
आत कुणी आपलंच बसलंय अशा थाटात.

आणि आज तो हात.
चेहरा आठवेना, पण करंगळी बाकीच्यांशी फटकून वागणारी.
मार्चमध्ये माझ्या टेबलावर होता.
नाव ठाऊक आहे, सांगणार नाही, तसा नियम आहे.
शिडीवरून पडले होते, पन्हळ साफ करताना,
आणि ते कसं पडले हे
मोडक्याच हाताने मला दाखवत होते:
ही शिडी. हा मी. हा तो हलकट सीगल.
सरळ धरा, मी म्हणाले. श्वास रोखा.
पण सीगल आला की हात उडायचाच.
तीन एक्सरे वाया गेले.
मशीन दर वेळी कारण विचारतं,
मी तीनदा तेच निवडलं: रुग्ण हलला.

आज तेच ते, कोण्या अनोळखी पोराला,
शिडी, पन्हळ, सीगल.
हात वरपर्यंत गेला, मार्चमध्ये जाऊ शकत नव्हता तिथवर,
आणि खाली आला.
मी बटण दाबलं.

पडद्यावर हात नाही.
एक पांढुरका फराटा, वरून खाली,
आणि शेजारी त्या पोराचं उघडं तोंड, अगदी स्पष्ट.
आमच्या ब्रॉनवेनबाईंनी हे तत्काळ रद्द केलं असतं.
मी दोनदा मोठं करून बघितलं.
त्या फराट्यात आठही हाडं असणार,
आणि बहुतेक सीगलसुद्धा.

मान वर केली तेव्हा त्यांची बस निघाली होती.
त्यांनी बघितलं, हात वर केला,
क्षणभर तो तिथेच राहिला, निरुपयोगी, हवेत.
कॅमेरा माझ्या हातात होता. मी उचलला नाही.
मग ते पोराकडे वळले,
तोच हात पुन्हा पन्हळीपाशी नेला
आणि म्हणाले, तर काय सांगत होतो.