सध्या

कुपवाडच्या शीतगृहात मी रुजू झाले तेव्हा
दादगोंडा मगदूम नुकतेच रिटायर झालेले.
जाताना एक फाइल ठेवून गेले होते,
चाळीस पानांची, ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही.
पान सहा: 'चेंबर तीनमध्ये सध्या
चार हजार दोनशे बारा पेट्या बेदाणा आहे.'
सध्या.

मी चेंबर उघडला.
गार वाफ अंगावर आली,
आणि आत छतापर्यंत चिंच.

आकडा खोटा नव्हता.
शेवटची एसटी निघून गेल्यावरही
स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसासारखा
तो तिथंच थांबला होता, इतकंच.

ते वाक्य मी खोडलं नाही. मधोमध पोकळ केलं
आणि त्या पोकळीत क्वेरी लिहिली:
साठ्याच्या टेबलातून काढ,
चेंबर तीन, जावक तारीख रिकामी,
कर बेरीज.
आता फाइल उघडली की प्रश्न खाली धावतो,
पोती मोजून वर येतो,
आणि वाक्य पुरं होतं. तेवढ्यापुरतं.

नबीलाल तोलार पाणी प्यायला आला, तो स्क्रीनपाशीच थांबला.
बाहेर टेम्पो भरत होता.
मी पान उघडलं: एक हजार नव्वद.
मिटलं, उघडलं: एक हजार बासष्ट.
'लिवलेलं हालतंय की ओ मॅडम!'
मग तांब्या ठेवता ठेवता,
'पर आकडा त्यो सोताच आणतोय,
तर ह्यात तुमी काय लिवलं?'

काय लिहिलं मी?
दिवसभर ते डोक्यात राहिलं.
जेवणाच्या डब्यातही राहिलं, शेंगांच्या चटणीबरोबर.

पान एकोणीस: 'गॅसगळतीचा वास आल्यास
कामावरील सुपरवायझरास ताबडतोब कळवावे.'
तिथंही नाव न लिहिता प्रश्न ठेवला: आत्ता कामावर कोण?
पापणी लवायच्या आत उत्तर:
दादगोंडा आ. मगदूम.

त्यांच्या रांगेत सोडल्याची तारीख कुणीच भरली नव्हती.
निरोपाचा नारळ दिला, शाल दिली, फोटो काढला,
तो एक रकाना तेवढा राहिला.

फोन केला. हरिपूरला घरीच होते.
आधी पोट धरून हसले.
'कामावर हाय म्हणता? मग पगार कुठाय बाई?'
मग म्हणाले, 'आमचा बाप पेवावर होता.
हळदीचं पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं न्हाई,
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर वर थांबायचं.
जळला, तर उतरायचं. पण जळतोय म्हंजे
आत्ता जळतोय, एवढंच.
दुपारच्याला पुन्यांदा सोडायचा.
सकाळच्या कंदिलावर कोण उतरत न्हाई.'

मी तारीख भरली. त्यांचं नाव गेलं.
जागा रिकामी दिसली, मग दुसरं नाव आलं.
त्या दिवसापासून प्रत्येक उत्तराखाली
एक बारीक ओळ येते:
किती वाजता विचारलं.

नबीलालला सांगायचं होतं, कंदील लिहिला म्हणून.
तो तोवर मिरजेची गाडी पकडून गेला होता.

सगळंच काही विचारत बसायला नको.
पान दोनवर दादगोंडांचं एक वाक्य
मी जसंच्या तसं ठेवलं:
'जनरेटर खोलीची किल्ली दारामागे,
डावीकडच्या खिळ्याला.'
खिळा कुठं जातोय?

काल रंगारी आले होते.
भिंत छान झाली, फिकट हिरवी.
खिळा आता उजवीकडं आहे.