रुमाल क्रमांक एकशे बारा

लाल खारव्याचा रुमाल सोडला की
आधी झुरळ पळतं, मग वर्ष बाहेर येतं.
हे एकोणीसशे सव्वीस.
गाठ कुणी मारली होती माहीत नाही,
सुटू नये असंच वाटत असावं त्याला.
शेवटी दात लावले.

मोडी मी नोकरीत शिकले, चाळिशीत,
शनिवारच्या वर्गात, बदली टळावी म्हणून.
अजून दोन-तीन अक्षरं चकवतात,
संशयितांसारखी एकमेकांची नावं सांगतात.

डायरीत नेहमीचंच.
गोदीतून गूळ चोरला, भिंत चढताना पडला.
दारू पिऊन ट्रामसमोर आडवा, समज देऊन सोडला.
बेवारस प्रेत, उजव्या दंडावर मारुती गोंदलेला.
पंच दोन. सह्या नाहीत, अंगठे.

मग चौदा मार्च.
'मुलगा, वय अदमासे चार,
भाऊच्या धक्क्यावर मिळाला.
नाव विचारता "मी" म्हणतो.'
खाली बाबाजी घाडी, बक्कल नंबर सातशे एकोणतीस.

पंधरा. मुलगा हजर. दूध, एक आणा.
सोळा. मुलगा हजर. दूध, एक आणा.
सतराला ताप. दूध, एक आणा. सुंठ.
एकोणीसला समासात साहेबाची तांबडी शाई,
इंग्रजीत, तिरकी, घाईतली:
दूध कोणाच्या हुकमाने?

वीस. मुलगा हजर. दूध. खर्च स्वतः.
एकवीस. खर्च स्वतः.
असं नऊ दिवस.
शिपायाचा पगार तेव्हा किती, ते शोधायला मी गेले नाही.
माझे वडील शिपाईच होते.
नायगावच्या खोलीतली महिनाअखेर मला पाठ आहे,
डब्याच्या तळाशी चमचा वाजायचा तो आवाजसुद्धा.

एकोणतीसला ओळ अर्धी.
'मुलास नेण्यासाठी एक इसम'
आणि पान संपलं.
कोपऱ्यात बारीक अक्षरात: पुढे चालू.
पुढची वही रुमालात नाही.
यादीत तिच्यासमोर एकच शब्द आहे, वाळवी.

फैझान स्कॅनरची काच पुसत विचारतो,
मॅडम, निकाल?
रकाना रिकामा ठेवला तर मशीन पुढे जात नाही.
पडद्यावर पर्याय उघडतात:
शाबीत. निर्दोष. अ समरी. ब समरी. क समरी.
मी वरून खाली वाचते, मग खालून वर.
इसम कोण होता? बाप असेल. नसेलही.
घाडीने त्याला दोन प्रश्न जास्तच विचारले असतील,
एवढं मी पुराव्याशिवाय मानते,
आणि एवढ्यावर कोर्टात उभं राहता येत नाही
हेही मला ठाऊक आहे.

सगळ्यांत शेवटी 'इतर' आहे.
त्यापुढे वीस अक्षरांची जागा.
मी टाइप करते: खर्च स्वतः.

मशीन पुढे जातं.
फैझान काही बोलत नाही, पुढचं रजिस्टर काचेवर पालथं घालतो.
कोंबड्या, सहा, माझगावातून चोरीस.