ओलं फडकं

पान आदल्या रात्री भिजवायचं.
सकाळी घाईनं भिजवलं तर कात्री लावताच कडेनं फाटतं.
फार भिजवलं तर बुरशी धरतं,
मग कारखान्यात चेकर ते नाकाशी नेतो
आणि सगळ्यांदेखत बाजूला टाकतो.
हे मला सासूनं शिकवलं,
विडी घरकुलात, पत्र्याखाली,
चव्वेचाळीस डिग्रीत.

मनाचं तिनं काही शिकवलं नाही.
तिलाही कुणी शिकवलं नव्हतं.

मागच्या चैत्रात माझी मोजणी हरवली.
पंचवीसचा कट्टा बांधताना
अठरा झाल्या की एकोणीस, कळेना.
पुन्हा पहिल्यापासून.
पुन्हा अठरापाशी अंधार.
बोटं आपली वळत होती,
मी त्या बोटांत नव्हते.
रात्रभर पंख्याची पाती मोजायची
(तीनच होती, तरी मोजायची),
आणि शेंगाचटणी तोंडात माती होऊन बसायची.

सासूनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
ठसका कुणालाच लागला नाही.
"बघ, नजरच," ती जिंकल्यासारखी म्हणाली.
नवरा म्हणाला, "तुला कमी काय आहे?"
खरंच, कमी काही नव्हतं.
लाज त्याचीच वाटायची.

शेजारच्या भूलक्ष्मीनं काहीच विचारलं नाही.
माझ्या सुपातली तंबाखू गोळा केली,
डब्यात भरली, झाकण लावलं,
म्हणाली, "अक्का, चप्पल घाल."

सिव्हिलच्या रांगेत केसपेपर पदराखाली धरला,
कुठल्या ओपीडीचा शिक्का आहे
ते गल्लीतल्या कुणाला दिसू नये म्हणून.
पुढं बघते तर
गल्लीतलीच निर्मला बोद्दूल उभी,
तिचाही पेपर पदराखाली.
आम्ही दोघींनी छताकडं पाहिलं.

बिराजदार मॅडम माझ्या लेकीच्या वयाची.
झोप किती, जेवण किती,
आणि त्याच आवाजात,
"मरून जावंसं वाटतं का?"
जणू विचारतेय, पाणी आलं का आज नळाला.
रोज हजार विड्यांची तोंडं
नखानं दाबून बंद करते मी.
त्या दिवशी माझं उघडलं
ते रांग ओरडायला लागली तरी मिटेना.

गोळ्यांनी लगेच काही झालं नाही.
उगाच कशाला सांगू.
जीभ कोरडी, हात जड,
दोनदा तर डबा फेकून द्यावासा वाटला.
तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी
भाकरी करपल्याचा वास आला.
तव्यासमोर बसून मी रडले.
सासू धावली, "एका भाकरीसाठी?"
तिला कसं सांगू,
की वास आला म्हणून.

आता विचारतात, बरी झालीस का.
पुण्याहून पोरगा फोनवर विचारतो,
"आता पूर्ण बरी ना, आई?"
पूर्ण म्हणजे काय, ते मला माहीत नाही.
पान एकदा भिजवलं की
जन्मभर ओलं राहतं का?
या गावच्या उन्हात तर दुपारपर्यंत राहत नाही.
रोज शिंपडायचं, दाबायचं,
ओल्या फडक्यात गुंडाळायचं,
मधून मधून उघडून बघायचं.

माझं फडकं साधंच आहे.
रात्री नऊची गोळी.
रविवारी भूलक्ष्मीबरोबर तलावाच्या पायरीवर बसणं,
ती तेलुगूत नवऱ्याला शिव्या देते
आणि मी मराठीत हसते.
चेकरनं चाळीस विड्या छाटल्या
तर छाट चाळीसच धरायची,
स्वतःला एक्केचाळिसावी धरायची नाही.
काही दिवस तरीही कोरडे जातात.
त्या दिवशी सातशेच वळते,
आणि घरात तसं सांगते.

काल संध्याकाळी
निर्मलाची नवी सून दारात बसली होती.
सूप मांडीवर, कात्री उघडी,
पान हातात, वाळून वाकडं झालेलं.
ओठ हलत होते.
सतरा. अठरा.
सतरा.

मी माझं बस्तान उचललं,
तिच्या उंबऱ्याशी नेऊन टाकलं.
बराच वेळ काही बोलले नाही.
तिच्या पानांवर पाण्याचा हात मारला,
मग विचारलं,
"झोप येते का गं?"