नववं उपकरण

जेल रोडवर वाधवानीच्या काउंटरवर
दोन खोकी समोरासमोर.
एकावर पाच, एकावर सहा.
चार आमच्या घरी आहे,
अकरा वर्षं कपाटावर ठाण मांडून,
एक अँटेना मोडलेली, तिला मी
औषधाच्या चिकटपट्टीनं बांधलंय.

"अंकल, सिक्स ले जाओ," पोरगा म्हणाला,
"फाइव्ह भी अब बासी है."
जणू कालची कचोरी.

मी तीस वर्षं सहकारी बँकेत
लोकांना ठेवी समजावल्या,
मोठ्या आकड्याखालचं बारीक वाचा म्हणून.
चष्मा कपाळावरून खाली घेऊन मीही वाचलं :
हा वेग आदर्श परिस्थितीत.
आदर्श परिस्थिती!
लोकमान्य नगरात, अडीच खोल्यांत,
दर भिंतीला लोखंडी कपाट टेकलेलं.

ईशानला सहाच हवं.
हैदराबादच्या मीटिंगमध्ये म्हणे
त्याचं तोंड मध्येच उघडं राहतं
आणि साहेब उत्तराची वाट बघतात.
त्याचं खोटं नाही.
पण पोरगा हेही म्हणाला, हळू आवाजात,
मालक आत गेल्यावर :
नवं धावतं फार, भिंत आली की दमतं.
जुनं रमतगमत जातं, पण पलीकडे निघतं.
"घर में डिवाइस कितने हैं?"
ते मला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन जुन्याचं पान उघडलं.
जोडलेली उपकरणं : नऊ.
बोटांवर मोजली, मग कागदावर.
ईशानची चार, मंदाकिनीचा फोन, माझा,
टीव्ही, आणि तो प्रिंटर, जो फक्त दिवाळीत चालतो.
आठ.
बँकेत एका रुपयाचा फरक निघाला
तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो
आणि चहाचे पैसे त्या रुपयाहून जास्त व्हायचे.
नवव्याला नाव नव्हतं.
वेळ होती : रोज दीड ते चार.

चोर, म्हणालो मी, पासवर्ड बदलतो.
मंदाकिनी भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"अहो, मागची रेवती ती. तुम्हीच दिलात की."

दिला होता खरा.
तीन वर्षांपूर्वी, गॅसच्या पावतीमागे लिहून,
आपल्या विकलेल्या लुनाचा नंबर.
खरगोनची पोर, पीएससीची तयारी,
म्हणाली होती, काका, फक्त फॉर्म भरेपर्यंत.
फॉर्म भरला. एकदा प्रीलिमला राहिली,
एकदा मेन्सला.
यंदाचं विचारायचं धाडस आम्हाला नाही.

मग मी मोजलं, टेप न घेता :
स्वयंपाकघराची भिंत,
पाण्याची टाकी,
सहा फुटांची गल्ली,
आणि तिच्या खिडकीचं पत्र्याचं दार.
एवढं ओलांडून तिच्या पडद्यावर
एखादीच रेघ उमटत असेल,
बाकीच्या फिकट.
त्या एका रेघेवर
घटनेची कलमं उतरत होती, रात्री दीडला,
आमच्या झोपेच्या शेजारून.

सहाच घेतलं.
दिवाणखान्यात ते आता काळ्या खेकड्यासारखं बसलंय
आणि ईशानचं तोंड वेळेवर मिटतं.

जुनं टाकलं नाही.
पंधरा मीटर वायर आणली,
उंबऱ्याखालून नेली, दोनदा अडखळलो,
आणि ते डब्यांच्या फळीवर ठेवलं,
हिंगाच्या डबीला लागून, मागच्या खिडकीत.
नाव तेच, लुनाचा नंबर तोच.
"हे अजून कशाला?" ईशाननं विचारलं.
गीझरला लागतं, म्हणालो.
आमचा गीझर पितळी बंबानंतरचा पहिलाच आहे,
त्याला बटण सोडून काही कळत नाही.
ईशान हसला, पुढं विचारलं नाही.

काल रात्री तहान लागली म्हणून उठलो.
अडीच झाले असतील.
फळीवर हिरवा ठिपका लुकलुकत होता,
थांबत, पुन्हा घाईघाईनं,
कुणी भराभर पानं उलटावीत तसा.
दिवा न लावता पाणी प्यायलो.
पेला ठेवताना आवाज होऊ दिला नाही.