लाल रंग आधी उडतो

देवबागची पट्टी म्हणजे करंगळी.
एका अंगाला कर्ली नदी, एका अंगाला दर्या,
मधे माड, रस्ता आणि माझे बोर्ड.
बावीस वर्षं एकच शब्द रंगवतोय:
फ-च्या पायात र, डोक्यावर मात्रा,
मग शहामृगाचा श.
फ्रेश फिश थाळी. फ्रेश सोलकढी.
एका लॉजवाल्याने तर लिहून घेतलं, फ्रेश सी व्ह्यू.
दर्या शिळा कधी होतो
ते विचारायचं राहून गेलं.

हिरावती मोंडकर स्टुलाला टेकून बघत होती.
“काय लिवलंस ता?”
“फ्रेश.”
“म्हंजे?”
“ताजा.”
“मगे ताजा लिव.”
“पावण्यांक ताजा कळणा नाय, वयनी.”

आठ दिवस रापणीला नुसतं शेवाळ लागत होतं.
तिच्या थर्माकोलच्या पेटीत ट्रॉलरवरची सुरमई,
चार रात्री बर्फात निजलेली.
“ह्येका काय म्हणतत?”
मी म्हटलं, “ह्येकाय फ्रेशच.”
तिने काही न बोलता कल्ला उचलून दाखवला.
कल्ल्याला इंग्रजी येत नाही.

दुपारी ठाण्याची गाडी आली, अकरा माणसं.
“आधी जरा फ्रेश होतो,” म्हणाली
आणि टाकी तळाला गेली.

डबा ढवळायला माझा भाचा असतो, प्रणित.
डिप्लोमा झालाय. वेर्ण्याच्या कंपनीत गेला होता,
फ्रेशर आहेस म्हणाले, अनुभव आण.
तीन वर्षं झाली त्याला.
“मामा, मी अजून फ्रेशरच,” म्हणतो
आणि काडीने साय बाजूला काढतो रंगावरची.

त्यानेच सांगितलं त्या दिवशी, ढवळता ढवळता,
की मासा असला तर ताजा,
पाणी असलं तर गोडं,
हवा मोकळी, रंग ओला,
आणि माणूस असला तर
एक तर न्हालेला, नाही तर बिनकामाचा.
सगळ्यांना मिळून त्यांच्यात एकच शब्द.
“गरीब लोक,” हिरावती म्हणाली.

मग गोड्या पाण्यापाशी अडली.
मे लागला की तिच्या विहिरीत दर्या येऊन बसतो.
चहात कितीही साखर घाला,
ते पाणी गोडं होत नाही.
“आणि घाव?” तिने विचारलं.
प्रणित म्हणाला, “तोसुद्धा.”
ती मागे वळली.
गेल्या उधाणाने मागली पडवी नेली तिची,
चुलीचा ओटा तेवढा वाळूत उभा आहे,
त्यावर कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता.

खाऱ्या वाऱ्यात लाल रंग आधी उडतो.
निळं फिश टिकतं, काळी थाळी टिकते,
फ्रेश तेवढा गुलाबी होतो, मग राखाडी,
मग नुसता फळीचा रंग.
म्हणून मला बोलावतात, दिवाळीआधी एकदा, मेमध्ये एकदा.
त्याच अक्षरांवर तीच अक्षरं.
किती थर झाले असतील?
खरवडलं तर सगळ्यात खालचा,
माझ्या हाताला वळण नव्हतं तेव्हाचा,
अजून लालभडक निघेल कदाचित,
त्याला वारा लागलेला नाही.

संध्याकाळी पुठ्ठ्यावर खडूने लिहून टांगलं,
ओला रंग, हात लावू नये.
ठाण्याची एक मुलगी, सहा-सात वर्षांची,
न्हालेली, केसांतून थेंब गळतायत,
वाचून झाल्यावर पुढे आली
आणि श वर अंगठा टेकवला.
आई ओरडली. मी ब्रश उचलला.
“रवांदे,” हिरावती म्हणाली, “रवांदे तसोच,”
आणि वळणावर टँकरचा हॉर्न वाजला तशी
दोन कळश्या घेऊन पळाली.