पावणेनऊ तास

आमच्या सोलाइड बेटाला फेब्रुवारीत रस्ता फुटतो,
समुद्रावरून.
वेबसाइटवर तेव्हा एकच ओळ असते:
बर्फ आज किती सेंटिमीटर, गाडी न्यावी की नाही.
खाली फोन नंबर, आणि हेल्वीनं हट्टानं टाकलेला
एका सीलचा फोटो. बस्स.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी ती ओळ गेली.
पांढरं पान,
मधोमध गरगरणारं वर्तुळ.
होस्टिंग महिन्याला दीड युरोचं.
भरवशाच्या म्हशीला टोणगा.
उर्मास पोस्टमन पलीकडच्या काठावर
गाडीचं इंजिन चालू ठेवून दोन तास बसला.
टपालात साल्मेबाईंचं इन्सुलिन होतं.
निभावलं.
पण त्या दोन तासांवर नंतर कुणी विनोद केला नाही,
आणि आम्ही तर कशावरही करतो.

शरदात बेटाची सभा भरली. काम माझ्या गळ्यात पडलं.
"तू तार्तूला शिकलीस. निवड."
मी एंडेलमामाच्या टेबलावर कागद पसरले,
अकरा कंपन्या, अकरा हसरे चेहरे,
अमर्याद जागा, अमर्याद वेग,
पहिलं वर्ष जवळपास फुकट
(दुसऱ्या वर्षाचा आकडा मुंगीएवढ्या अक्षरात),
आणि सगळ्यांच्या तोंडी एकच मंत्र:
नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के.

एंडेलमामा अठ्ठेचाळीस हिवाळे बर्फाला भोकं पाडतोय.
त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला,
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं गुणाकार केला,
पुन्हा केला.
"म्हणजे वर्षाचे पावणेनऊ तास उरतात."
चुलीत लाकूड तडकलं.
"कोणते?"

अकरा कागदांत याचं उत्तर नव्हतं.

मग तो उगाचच बर्फाबद्दल बोलत राहिला.
शुभ्र दिसतो ना, त्याच्या नादी लागू नये,
त्याच्या पोटात हवा असते.
काळा बरा. काळा म्हणजे आरपार.
खालचं पाणी दिसतं, भीती वाटते,
आणि तोच वजन पेलतो.

त्या रात्री मी तीन वाजताचा गजर लावला
आणि एकेका कंपनीला फोन करत सुटले.
एकीकडे व्हायोलिन वाजत राहिलं.
एकीकडे यंत्र म्हणालं, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात,
सतरा वेळा म्हणालं.
एकीनं सकाळी नऊनंतर बोलावलं.
सातव्या नंबरावर कुणीतरी खोकलं.
"तानेल बोलतोय."

मी विचारलं, शेवटचं कधी बंद पडलात?
"ऑगस्टात. चार तास दहा मिनिटं."
जांभई आवरल्याचा आवाज.
"कूलिंग गेलं. बॅकअप होता,
पण तो कधी परत लावून पाहिला नव्हता कुणी.
कुणी म्हणजे मी.
आता महिन्याच्या पहिल्या रविवारी लावून बघतो.
तुमची साइट कसली?"
बर्फाची, मी म्हटलं.
"किती लोक बघतात?"
दीडशे. पण सगळे सकाळी सहाला.
कागदावर काहीतरी खरडल्याचं ऐकू आलं.
"मग आमची दुरुस्ती सहाच्या आसपास नको."

महिना नऊ युरो.
हेल्वीनं सभेत त्याचे हेरिंग मोजून दाखवले.
सील ठेवणार असलात तर माझा हात वर, म्हणाली.

जानेवारीत ती ओळ परत उगवली.
आणि त्याच आठवड्यात बघते तर
एंडेलमामा काठावर जुनी लाकडी पाटी ठोकतोय,
खिशात खडू.
चांगलं निवडलं की रे मी, म्हटलं, आता पाटी कशाला?
तोंडात खिळे होते. त्यानं उत्तर दिलं नाही,
फक्त आठ बोटं दाखवली,
आणि नववं अर्धवट दुमडून.

आता रोज पहाटे तो पाटीवर लिहितो, मी वेबसाइटवर.
एकदा आमचे आकडे एका सेंटिमीटरनं चुकले.
कोण बरोबर, यावर वाद घातला नाही.
ड्रिल उचललं,
आणि दोघंही पुन्हा बर्फावर गेलो.