विभाग न-४

इंदुरात, सियागंजच्या मिरच्यांच्या गोदामावर
चौदा वर्षं मी एकच ओळ लिहिली:
कूपन कापा, आजच पाठवा.
खाली पोती उतरायची, वर मी शिंकायचो
आणि शिंकता शिंकता लिहायचो.
'डागहर' पावडर, पन्नास ग्रॅम, टपालखर्च माफ,
पसंत न पडल्यास रिकामी डबीसुद्धा परत घेऊ.

मालक तय्यबभाई सोडावाला.
त्यांना सुंदर जाहिरातीची धास्ती होती.
"दुनिया वाह करे तो समझ, भिया, पैसे डूबे."
वा म्हणणारा माणूस कात्री शोधत नाही.
कात्री शोधायला उठेल, ते लिही.
हजारांशी बोलू नकोस, एकाशी बोल.
तो नुकता जेवलाय, हात अजून ओले आहेत,
पेपर मांडीवर आहे, बायको काहीतरी विचारतेय,
तेवढ्यात तुझं सांगून झालं पाहिजे.
आणि शेवटची तारीख टाक.
तारीख नसली की माणूस म्हणतो, बघू.
बघू म्हणजे नाही.

कूपनच्या कोपऱ्यात मुंगीएवढं अक्षर असे.
क-१, उज्जैनचा रविवार.
ग-२, खांडव्याचं साप्ताहिक.
न-४, एका मराठी मासिकाचं मलपृष्ठ, आतली बाजू.
गिऱ्हाइकाला वाटे, पत्त्याचाच भाग आहे.
संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की
मी पाकिटं अक्षरांप्रमाणे लावत बसे,
आणि कळे, कुठलं वाक्य चाललं
आणि कुठलं जागच्या जागी बसलं.
'चमत्कार' लिहिलं तेव्हा आली एकोणीस.
'चहाचा डाग जातो, हळदीचा जात नाही' लिहिलं,
भाईंनी कपाळावर हात मारला,
दोनशे बारा.
त्या दिवशी त्यांनी स्वतः खाली जाऊन पोहे आणले,
वर शेव दुप्पट.

मग मी तो प्रश्न लिहिला.
खरं सांगतो, गर्व झाला होता मला त्याचा.
मोठा टाइप, आजूबाजूला पांढरी जागा:
तुमच्या सदऱ्यावरचा डाग
आज कुणाकुणाच्या डोळ्यांत आला?

न-४ मधून एक पोस्टकार्ड आलं.
कूपन खळीने चिकटवलेलं, कडा सरळ कापलेल्या,
शिंपी असावा किंवा ड्रॉइंग मास्तर.
केशव त्रिंबक ओळंबे, सनावद.
किती डब्या हव्यात, तिथे शून्य.
आणि समासात, उभ्या ओळीत,
जिथे मी उत्तराला जागाच ठेवली नव्हती:
"आपण विचारलेत म्हणून कळवतो.
कुणाच्याच नाही.
आषाढापासून हाच सदरा घालतो आहे."

तय्यबभाईंनी वहीत मांडलं,
उत्तर एक, विक्री शून्य.
बरोबरच होतं. आणखी काय मांडणार?

मी एक डबी बांधली, तिकिटं माझ्या खिशातून.
सोबत चिठ्ठी हवी, तर लिहायला सुचेना.
अनोळखी माणसांना जागेवरून उठवायचा माझा धंदा,
आणि चार कागद फाडले.
शेवटी एवढंच: डाग कशाचा आहे ते कळवा.
तारीख टाकली नाही.

पौष गेला. माघात क-१ जोरात चालला,
भाईंनी नवा पंखा घेतला.
न चा कप्पा मी दोनदा बघत असे,
एकदा कामासाठी.

फाल्गुनात कार्ड आलं. तेच अक्षर.
"डाग शाईचा आहे.
आपल्या यादीत शाई नाही हे मी आधीच वाचले होते.
डबी शेजारच्या मुलीस दिली, तिच्या फ्रॉकचा चहा गेला.
माझा राहू द्या."

पत्ता नीट, स्वच्छ. डागहर कार्यालय, सियागंज, इंदूर.
आणि खालच्या कोपऱ्यात,
पत्र भलत्याच्या हाती पडू नये म्हणून असेल,
त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं,
मुंगीएवढं:
विभाग न-४.